भौतिकशास्त्राकडून क्षयजंतूच्या प्रथिनांकडे : डॉ. शेखर मांडे यांची शैक्षणिक वाटचाल आणि ग्रामीण विद्यार्थी

सारांश

प्रस्तुत लेखात मूळचे नागपूरचे रेणवीय जीवशास्त्रज्ञ डॉ. शेखर मांडे यांच्या शैक्षणिक वाटचालीचे टप्पे विशद केले आहेत. एम.एस्सी. भौतिकशास्त्रापासून क्षयजंतूच्या प्रथिनांच्या रचनेपर्यंतचा हा प्रवास कसा घडला, त्याला किती काळ लागला आणि त्यातील कोणत्या गोष्टी वर्धा जिल्ह्यातील आंजी (मोठी) सारख्या गावातील विद्यार्थ्याच्या आवाक्यातील आहेत, याचे विवेचन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : रेणवीय जीवशास्त्र, प्रथिन-रचना, क्षयरोग, संशोधन अधिछात्रवृत्ती, ग्रामीण विज्ञानशिक्षण.

१. प्रस्तावना

एखाद्या शास्त्रज्ञाचा परिचय आपल्याकडे बहुधा पदव्या, पदे आणि पुरस्कार यांच्या यादीतून करून दिला जातो. त्या यादीतून त्याची थोरवी कळते. परंतु तो तेथवर पोहोचला कसा, प्रत्येक टप्प्यावर किती वर्षे गेली, एका विद्याशाखेतून दुसरीत तो कोणत्या वाटेने गेला, हे त्यातून उमगत नाही. विज्ञान शाखेत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र नेमके हेच जाणून घ्यावयाचे असते.

वर्धा तालुक्यातील आंजी (मोठी) हे गाव डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. अशा गावातील विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यासमोर बारावीनंतर वैद्यकीय आणि अभियांत्रिकी हे दोनच मार्ग ठळकपणे असतात. ते न साधल्यास बी.एस्सी.ला प्रवेश घेतला जातो आणि तो प्रवेश म्हणजे जणू माघार, अशी घरातील व गावातील भावना असते. संशोधक होणे हाही एक मार्ग आहे आणि तो याच बी.एस्सी.च्या वर्गातून जातो, हे सांगणारे उदाहरण जवळपास दिसत नाही. डॉ. मांडे यांचे उदाहरण त्या दृष्टीने उपयुक्त आहे. त्यांचे पदव्युत्तर शिक्षण नागपूर विद्यापीठात झाले आणि वर्धा जिल्ह्यातील महाविद्यालयांचे विद्यापीठही हेच आहे. १९२३ मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ या नावाने ओळखले जाते.

२. रेणवीय जीवशास्त्राचे स्वरूप

सजीवांचे व्यवहार त्यांच्यातील रेणूंच्या रचनेवरून व परस्परक्रियांवरून समजून घेणारी शाखा म्हणजे रेणवीय जीवशास्त्र. या शाखेची उभारणी केवळ जीवशास्त्रज्ञांनी केलेली नाही. १९५३ मध्ये डीएनएच्या दुपेडी सर्पिल रचनेची मांडणी करणाऱ्या दोघांपैकी फ्रान्सिस क्रिक यांचे मूळ शिक्षण भौतिकशास्त्राचे होते. त्या मांडणीला आधारभूत ठरलेली क्ष-किरणचित्रे रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेतील होती आणि फ्रँकलिन रसायनशास्त्राच्या अभ्यासक होत्या. १९६२ मध्ये क्रिक, जेम्स वॉटसन व मॉरिस विल्किन्स यांना वैद्यकशास्त्राचे, तर हिमोग्लोबिन व मायोग्लोबिन या प्रथिनांच्या रचना उलगडणारे मॅक्स पेरुट्झ व जॉन केंड्र्यू यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मांडे यांचा जन्म त्याच वर्षीचा, ५ एप्रिल १९६२ चा आहे.

भारतातही या शाखेचा पाया भौतिकशास्त्रज्ञांनीच घातला. जी. एन. रामचंद्रन यांनी मद्रास विद्यापीठात कोलॅजेन या प्रथिनाची तिपेडी रचना मांडली. प्रथिनाची साखळी कोणकोणत्या कोनांत वळू शकते हे दाखवणारा त्यांचा आलेख १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो आजही जगभर वापरला जातो. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी रेणवीय जीवभौतिकी विभाग उभारला. भौतिकशास्त्राच्या पदवीधराने प्रथिनांकडे वळावे, अशी वाट देशात त्यामुळे आधीच पडलेली होती.

३. नागपूर ते बंगळूर

मांडे यांनी १९८४ मध्ये नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले. त्यानंतर ते भारतीय विज्ञान संस्थेत दाखल झाले व १९९१ मध्ये त्यांना पीएच.डी. प्राप्त झाली.

भौतिकशास्त्राचा विद्यार्थी जीवशास्त्रात काय करणार, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उद्भवतो. त्याचे उत्तर पदव्युत्तर अभ्यासक्रमातच आहे. घनस्थिती भौतिकीमध्ये विद्यार्थी ब्रॅगचा नियम शिकतो. स्फटिकातील अणूंच्या थरांवर क्ष-किरण पडले की ते ठरावीक कोनांतच प्रखरतेने परावर्तित होतात, हा तो नियम. मीठ किंवा तांबे यांच्या स्फटिकाऐवजी प्रथिनाचा स्फटिक घेतला तरी नियम तोच राहतो. अवघड होतो तो हिशेब, कारण मिठाच्या स्फटिकात दोनच प्रकारचे अणू एकाआड एक रचलेले असतात, तर प्रथिनाच्या एका रेणूत हजारो अणू असतात. हा हिशेब करण्यासाठी लागणारे गणित व संगणकाचे ज्ञान भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याजवळ असते. जीवशास्त्र त्याला नंतर शिकता येते आणि या वाटेने गेलेल्या अनेकांनी ते तसेच शिकले आहे.

यातून निघणारा बोध असा की, पदवीच्या टप्प्यावर निवडलेला विषय हा आयुष्यभराचा विषय असतोच असे नाही. त्या विषयातील मूलतत्त्वे किती पक्की झाली, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

४. पीएच.डी.नंतरचे प्रशिक्षण

पीएच.डी. मिळाली म्हणजे शास्त्रज्ञ झाला, असा सार्वत्रिक समज आहे. प्रायोगिक जीवशास्त्रात तसे नसते. त्यानंतर दुसऱ्या एखाद्या प्रयोगशाळेत काही वर्षे पीएच.डी.पश्चात संशोधन करावे लागते. मांडे यांनी हा काळ प्रथम नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठात आणि नंतर अमेरिकेतील सिअॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात व्यतीत केला.

या काळातील त्यांचे एक काम उदाहरणादाखल पाहण्याजोगे आहे. आफ्रिकेत आढळणारा निद्रारोग ट्रिपॅनोसोमा नावाच्या परजीवीमुळे होतो. हा परजीवी मनुष्याच्या रक्तात असताना ऊर्जेसाठी पूर्णतः साखरेच्या विघटनावर अवलंबून असतो. त्या विघटनातील एक विकर म्हणजे ट्रायोज फॉस्फेट आयसोमरेज. हे विकर बंद पाडणारे औषध सापडले तर परजीवी मरेल. परंतु तेच विकर मनुष्याच्या पेशींतही असते. म्हणून परजीवीचे विकर व मनुष्याचे विकर यांच्या रचनांत भेद कोठे आहे, हे पाहणे आवश्यक ठरते. मनुष्यातील या विकराची रचना मांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २.८ अँगस्ट्रॉम इतक्या सूक्ष्मतेने निश्चित केली व ती १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. एक अँगस्ट्रॉम म्हणजे एका मीटरचा एक अब्जांश, त्याचाही दहावा भाग. हा आकडा जितका लहान, तितके चित्र अधिक स्पष्ट.

रोगजंतूचे प्रथिन घ्यावयाचे, त्याची रचना पाहावयाची आणि तिच्यावरून रोगाला रोखण्याची जागा शोधावयाची, ही कार्यपद्धती या काळात त्यांच्या हाती आली. पुढील आयुष्यात त्यांनी तीच पद्धती आपल्या देशातील रोगाला लावली.

५. स्वतंत्र प्रयोगशाळा आणि क्षयजंतू

नव्वदच्या दशकाच्या मध्यास मांडे भारतात परतले व चंदीगड येथील सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत शास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. २००१ मध्ये ते हैदराबादच्या डीएनए अंगुलिमुद्रण व निदान केंद्रात गेले. या दोन संस्थांतील वर्षांत क्षयजंतूची प्रथिने हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय बनला.

ही निवड समजून घेण्यासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. रॉबर्ट कॉख यांनी क्षयजंतूचा शोध २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला. त्यानंतर शतकाहून अधिक काळ उलटला, औषधे आली, तरीही हा रोग हटला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अलीकडील अहवालांनुसार जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. १९९८ मध्ये क्षयजंतूचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. सुमारे ४४ लाख अक्षरजोड्या आणि सुमारे ४,००० जनुके, असा त्याचा विस्तार आहे. जनुकसंच हाती आल्यामुळे कोणत्याही प्रथिनाचे जनुक निवडून ते निरुपद्रवी ई. कोलाय जिवाणूत घालणे, त्याच्याकडून ते प्रथिन तयार करवून घेणे, शुद्ध करणे आणि त्याचे स्फटिक बनवणे शक्य झाले. स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहत असतानाच विषयाची कवाडे उघडली, असा हा योग होता.

त्यांच्या प्रयोगशाळेने अभ्यासलेल्या प्रथिनांपैकी शॅपरॉनिन हे प्रथिन विशेष उल्लेखनीय आहे. पेशीत प्रथिन तयार होते ते लांब साखळीच्या स्वरूपात. तिला योग्य घडी पडली तरच ते प्रथिन काम करते. चुकीची घडी पडू नये म्हणून मदत करणाऱ्या प्रथिनांना शॅपरोन म्हणतात आणि शॅपरॉनिन हा त्यांतीलच एक गट आहे. ई. कोलायमध्ये या प्रथिनाचे १४ घटक सात-सातच्या दोन कड्यांत एकमेकांवर रचलेले असतात. त्यामुळे आत एक पोकळी तयार होते व त्या पोकळीत दुसऱ्या प्रथिनाची घडी सुरक्षितपणे घातली जाते.

क्षयजंतूत या प्रथिनाची दोन जनुके आहेत. त्यांपैकी दुसऱ्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाची रचना मांडे व त्यांच्या सहकाऱ्याने ३.२ अँगस्ट्रॉम सूक्ष्मतेने निश्चित केली व ती २००४ मध्ये प्रसिद्ध केली. तीत अपेक्षित १४ घटकांची कडी आढळली नाहीत. केवळ दोन घटकांची जोडी आढळली. पोकळीच नसेल तर हे प्रथिन आपले कार्य कसे करते, असा नवा प्रश्न त्यातून उभा राहिला. पहिल्या जनुकापासून बनणारे प्रथिन तर याहून वेगळे निघाले. ते जंतूच्या डीएनएशी संलग्न असते, असे याच प्रयोगशाळेने सहकाऱ्यांसमवेत २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दाखवले. एका पूर्वजापासून आलेल्या दोन प्रथिनांनी दोन वेगळी कामे पत्करली, असा त्याचा अर्थ.

याच्या जोडीला त्यांनी संगणकीय जीवशास्त्रातही काम केले. एखाद्या जिवाणूतील हजारो प्रथिनांपैकी कोणती प्रथिने परस्परांशी संबंधित आहेत, याचे अनुमान जनुकसंचाच्या तुलनेवरून काढण्याच्या पद्धती त्यांच्या गटाने विकसित केल्या. या शाखेला प्रयोगशाळेपेक्षा संगणक व गणित यांची गरज अधिक असते, ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची ठरेल.

६. मान्यता व संस्थांचे नेतृत्व

२००५ मध्ये मांडे यांना जीवविज्ञानासाठी शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. २०११ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचे संचालक म्हणून त्यांची नियुक्ती झाली. ऑक्टोबर २०१८ ते एप्रिल २०२२ या काळात ते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. कोविड-१९ ची साथ याच काळात आली. डिसेंबर २०२० मध्ये विषाणूच्या जनुकक्रमाचा मागोवा घेण्यासाठी देशातील प्रयोगशाळांचा संघ स्थापन झाला, त्यात परिषदेच्या प्रयोगशाळांनी भाग घेतला. जनुकक्रम वाचणे ही रेणवीय जीवशास्त्राची पद्धत. ती या काळात वर्तमानपत्रांतून घराघरांत पोहोचली.

७. टप्पे, काळ आणि कुटुंब

वरील वाटचाल वयाच्या हिशेबात मांडली तर चित्र असे दिसते : एम.एस्सी. वयाच्या २२ व्या वर्षी, पीएच.डी. २९ व्या वर्षी, स्वतंत्र शास्त्रज्ञपद तिशी उलटल्यानंतर काही वर्षांनी, मोठा पुरस्कार ४३ व्या वर्षी, संचालकपद ४९ व्या वर्षी. म्हणजे पदव्युत्तर पदवीनंतर स्थिर पदावर येईपर्यंत सुमारे एक तप जाते.

कोरडवाहू शेतीवर अवलंबून असलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने हे एक तप हाच कळीचा मुद्दा आहे. मुलाने किंवा मुलीने २२ व्या वर्षी कमवावयास लागावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. मुलींच्या बाबतीत तर हीच वर्षे लग्नाच्या आग्रहाचीही असतात. म्हणून या काळाची आर्थिक बाजू स्पष्टपणे सांगितली पाहिजे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांच्या संयुक्त पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळते. ही परीक्षा जीवविज्ञान, भौतिक, रासायनिक, गणितीय व भूविज्ञान अशा पाच विषयगटांत होते. जानेवारी २०२३ पासून या अधिछात्रवृत्तीची रक्कम दरमहा ३७,००० रुपये व वरिष्ठ टप्प्यावर ४२,००० रुपये अशी झाली. याखेरीज घरभाडे भत्त्याची तरतूद असते. संशोधक विद्यार्थी हा घरावरचा भार न राहता घराला काही पाठवू शकणारा होऊ शकतो, हे पालकांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

अर्थात दुसरी बाजूही सांगणे आवश्यक आहे. अधिछात्रवृत्ती मिळवणारे थोडे, संशोधन पूर्ण करून स्थिर पद मिळवणारे त्याहून थोडे. संचालकपदापर्यंत पोहोचणे हे अपवादात्मकच होय. म्हणून या चरित्राचा उपयोग शिखराकडे बोट दाखवण्यासाठी करू नये. त्यातील पहिल्या दोन पायऱ्या, म्हणजे विद्यापीठातील पक्के पदव्युत्तर शिक्षण आणि पात्रता परीक्षेद्वारे राष्ट्रीय संस्थेत प्रवेश, याच आपल्या विद्यार्थ्यांसाठी मोलाच्या आहेत.

८. आंजी (मोठी) आणि रेणवीय जीवशास्त्र

या दूरच्या विषयाचा आंजीशी संबंध काय, असे कोणी विचारील. वास्तविक तो संबंध पूर्वीपासून आहे. सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सुरू झाली. या संस्थेचे कस्तुरबा ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आंजी येथे आहे. कुमारवयीन मुलींचे आरोग्य, बालकांची काळजी अशा विषयांवरील अनेक अभ्यास आंजी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात झालेले आहेत. वैद्यकीय विद्यार्थी येथे येतात, घरोघर जातात, माहिती नोंदवतात.

सेवाग्रामच्याच संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ यांनी जीवरसायनशास्त्र विभागात व जमनालाल बजाज उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्रात हत्तीरोग व क्षयरोग यांच्या निदानावर दीर्घकाळ संशोधन केले. विदर्भात हत्तीरोगाचा उपद्रव जुना आहे. त्याचे जंतू रक्तात स्रवणारी प्रथिने ओळखून निदान करण्याच्या चाचण्या त्यांच्या गटाने विकसित केल्या. क्षयजंतूने संवर्धनद्रवात सोडलेले ३१ किलोडाल्टन वजनाचे प्रथिन वेगळे करून त्यावर आधारलेली ‘सेवा टीबी एलायझा’ ही चाचणीही तेथेच तयार झाली. मांडे यांच्या प्रयोगशाळेत क्षयजंतूच्या प्रथिनाची रचना पाहिली गेली. सेवाग्रामला त्याच जंतूच्या दुसऱ्या प्रथिनाचा उपयोग रुग्ण ओळखण्यासाठी झाला. विषय एकच, टोके दोन. त्यांपैकी एक टोक आंजीच्या जिल्ह्यातच आहे.

मात्र या नात्यात एक असमतोल आहे. गाव माहिती देते, वेळ देते, प्रसंगी रक्ताचा नमुना देते. त्या माहितीतून निघालेले निष्कर्ष बहुधा इंग्रजी नियतकालिकांत प्रसिद्ध होतात आणि गावाच्या वाचनात येत नाहीत. नमुना देणाऱ्या घरातील मुलगी उद्या त्या नमुन्यावर प्रश्न विचारणारी संशोधक झाली, तर हा असमतोल काही अंशी दूर होईल. कोणत्या रोगाचा अभ्यास आधी व्हावा, कोणती चाचणी गावात परवडेल, लोक औषध मध्येच का सोडतात, हे तिला वेगळ्या रीतीने उमगेल.

त्या दृष्टीने काही गोष्टी महाविद्यालयांच्या पातळीवर करता येण्याजोग्या आहेत. एक, पदवीच्या विद्यार्थ्यांची सेवाग्रामच्या संशोधन प्रयोगशाळेस अभ्यासभेट नियमित व्हावी. दोन, जनुकक्रम व प्रथिनरचना यांचे जागतिक संग्रह सर्वांना विनामूल्य खुले आहेत. १९७१ मध्ये सुरू झालेला प्रथिनरचनांचा संग्रहही त्यांत येतो. क्षयजंतूच्या ज्या प्रथिनाचे वर्णन वर आले, त्याची रचना महाविद्यालयातील साध्या संगणकावर पाहता येते. संगणकीय जीवशास्त्रातील लहान प्रकल्पांस महागड्या उपकरणांची गरज लागत नाही. तीन, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या विभागांनी एकत्रितपणे एखादा तरी विषय शिकवावा. प्रथिनाचा स्फटिक हा तसा विषय आहे. चार, पात्रता परीक्षेची माहिती व तयारी पदवीच्या दुसऱ्या वर्षापासूनच सुरू व्हावी.

९. समारोप

डॉ. मांडे यांच्या वाटचालीतून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, रेणवीय जीवशास्त्रात प्रवेश करण्यासाठी मूलभूत विज्ञानाची कोणतीही शाखा चालते. तिची तत्त्वे पक्की असावी लागतात. दुसरा, ही वाट सुमारे एक तपाची आहे. तिच्यासाठी आर्थिक आधार उपलब्ध आहे, परंतु त्याची माहिती ग्रामीण कुटुंबांपर्यंत पोहोचवावी लागते. तिसरा, परदेशात शिकलेली पद्धत आपल्या भूमीतील प्रश्नाला लावली, तेव्हाच त्यांचे संशोधन आकाराला आले.

क्षयरोगाचा प्रश्न आंजीच्या परिसरातील लोकांना पुस्तकातून कळलेला नाही. तो त्यांनी घरात व शेजारात पाहिलेला आहे. प्रश्नाशी असलेली ही जवळीक हे ग्रामीण विद्यार्थ्याचे भांडवलच होय. त्याला पक्क्या शिक्षणाची व वेळेवर मिळालेल्या माहितीची जोड देणे, ही जबाबदारी शिक्षकांची व महाविद्यालयांची आहे.